‘तोच’ कुरव पुन्हा आला का? पिसांच्या खुणांची साक्ष आणि तिची मुदत

कोल्हापूर - दिवाळी सरली की कोल्हापूरकरांची पावले कोकणाकडे वळतात. त्याच सुमारास रत्नागिरी, मालवणच्या किनाऱ्यांवर उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी मोठ्या संख्येने उतरलेले असतात. मासळी उतरवणाऱ्या होड्यांभोवती त्यांचे थवे घिरट्या घालत असतात. मुंबईला गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या मागेही हेच पक्षी मैलोगणती उडत येतात. डिजिटल कॅमेरे हाती आल्यापासून या थव्यांची असंख्य छायाचित्रे निघू लागली. एखाद्या छायाचित्रात पंखात एकच पांढरे पीस असलेला, एक बोट तुटलेला किंवा अंगावर विचित्र डाग असलेला कुरव सापडतो. पुढच्या हिवाळ्यात तसाच पक्षी पुन्हा दिसला की, ‘गेल्या वर्षीचाच पाहुणा परत आला’ असे सांगितले जाते.

हा दावा खरा असू शकतो. कुरव दीर्घायुषी आहेत. युरोपात पायात कडे घातलेले काळ्या डोक्याचे कुरव तीस वर्षांहून अधिक काळ जगल्याच्या नोंदी आहेत. हिवाळ्यासाठी ठरावीक ठिकाणी वर्षानुवर्षे परतणारे कुरवही कड्यांच्या आधारे ओळखले गेले आहेत. मात्र केवळ पिसांवरील खुणेच्या आधारे असा दावा करायचा, तर ती खूण किती काळ टिकते हे आधी ठाऊक असावे लागते. पक्ष्याची पिसे दर वर्षी बदलतात आणि बहुतेक खुणा त्यांच्याबरोबरच गळून पडतात.

कुरव कोणता, सुरय कोणता?

रंकाळा किंवा पंचगंगेवर उडणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या-करड्या पाणपक्ष्याला ‘सीगल’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. प्रत्यक्षात नद्या-तलावांवर वर्षभर दिसणारा पक्षी बहुधा नदी सुरय असतो. सुरय सडपातळ असतो. त्याची चोच टोकदार आणि शेपटी दुभंगलेली असते, आणि तो पाण्यावर सूर मारून मासा टिपतो. कुरव अंगाने भरदार असतो, त्याची शेपटी सहसा सरळ कडेची असते आणि तो बदकासारखा पाण्यावर तरंगत विसावतो. कुरव हा मुख्यतः किनाऱ्यावरचा हिवाळी पाहुणा असला, तरी देशावरील मोठ्या जलाशयांवरही येतो. भीमा नदीवरील उजनी धरणाचा फुगवटा, विशेषतः भिगवणचा परिसर, त्यासाठी प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्रात सर्वाधिक आढळणारे दोन कुरव म्हणजे तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच पठारांवरील सरोवरांकाठी वीण करतो. काळ्या डोक्याच्या कुरवाची वीण युरोपपासून आशियाच्या उत्तर भागापर्यंत पसरलेली आहे. आकाराने मोठ्या असणाऱ्या ह्यूग्लिनच्या कुरवाची वीण रशियाच्या उत्तरेकडील टुंड्रा प्रदेशात होते. पल्लासचा कुरव हा भव्य पक्षी मध्य आशियातील सरोवरांवरून येतो. किनाऱ्यावर बारीक चोचीचा कुरवही आढळतो.

हिवाळ्यात तपकिरी आणि काळ्या डोक्याच्या कुरवांची डोकी पांढरी असतात आणि कानाजवळ केवळ एक गडद ठिपका उरतो. अशा वेळी पंखाचे टोक आणि डोळा पाहावा. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या काळ्या पंखटोकांवर पांढरे ठळक ठिपके असतात आणि डोळ्याचे बुबुळ फिकट असते. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कडा पांढरी असून डोळा गडद असतो. जातच चुकली, तर पुढची सारी ओळख व्यर्थ ठरते.

वाघाचा पट्टा आणि पक्ष्याचे पीस

कोल्हापूरच्या वाचकांना वन्यप्राण्याची व्यक्तिगत ओळख ही कल्पना नवी नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला. तेथे स्वयंचलित कॅमेऱ्यांत टिपलेल्या वाघांची ओळख अंगावरील पट्ट्यांवरून पटवली जाते. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात आणि एका वाघाचे पट्टे जन्मभर बदलत नाहीत. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचे छायाचित्र आजही पुरावा म्हणून चालते.

पक्ष्याचे पीस मात्र पूर्ण वाढले की निर्जीव होते. आपल्या नखाप्रमाणे तेही केराटिनचेच बनलेले असते. ऊन, वारा, मिठाचे पाणी आणि वाळू यांनी ते झिजते, त्याचा रंग उडतो, पण झालेली हानी भरून निघत नाही. म्हणून जुने पीस गळते आणि त्याच जागी नवे उगवते. या प्रक्रियेला येथे पिसझड म्हटले आहे. कुरवाच्या अंगावरील एखादी खूण पाहिल्यावर पहिला प्रश्न हा असावा, की ही खूण पुढच्या पिसझडीनंतर उरेल काय?

पिसझडीचे वेळापत्रक

बहुतेक कुरवांमध्ये वर्षातून दोनदा पिसे बदलतात. विणीनंतर, म्हणजे उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून, संपूर्ण पिसझड होते. तीत डोके, अंग, शेपटी आणि पंख या सर्वांची पिसे टप्प्याटप्प्याने नवी होतात. विणीपूर्वी, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, अपुरी पिसझड होते. तीत मुख्यतः डोक्याची व अंगाची पिसे बदलतात. मार्चमध्ये किनाऱ्यावरच्या कुरवांची डोकी गडद होऊ लागतात ती यामुळेच. पल्लासच्या कुरवाला हा काळा टोप इतरांपेक्षा लवकर येतो. अमेरिकेतील फ्रँकलिनचा कुरव मात्र वर्षातून दोन वेळा संपूर्ण पिसझड करतो, त्यामुळे तो या कुळात अपवाद मानला जातो.

पंखाच्या टोकाकडील दहा मोठी उड्डाणपिसे ठरावीक क्रमाने बदलतात. सर्वांत आतले पीस प्रथम गळते आणि क्रमाक्रमाने बाहेरचे शेवटचे पीस सर्वांत उशिरा बदलते. दोन्ही पंखांत हे एकाच वेळी, जवळजवळ सारख्या रीतीने चालते. त्यामुळे उडण्याची क्षमता पूर्णपणे कधीच जात नाही.

या क्रमाचा ओळखीसाठी थेट उपयोग होतो. दोन्ही पंखांत एकाच जागी फट दिसत असेल, तर ती नेहमीची पिसझड असते आणि तिला व्यक्तिगत खूण मानता येत नाही. फट एकाच पंखात असेल, तर तेथे इजा किंवा अपघात झालेला असण्याची शक्यता अधिक असते.

जातीनुसार वेळापत्रक बदलते. काळ्या डोक्याच्या प्रौढ कुरवाची पंखांची पिसझड बहुधा ऑक्टोबरपर्यंत आटोपते. किनाऱ्यावर दिसणाऱ्या अशा कुरवाचे पंख नवे व पूर्ण असतात. ह्यूग्लिनच्या कुरवाची पिसझड उशिरा सुरू होते, लांबच्या स्थलांतरातही अपुरी राहते आणि हिवाळ्यात आपल्याकडे आल्यावर पुढे चालू असते. डिसेंबरमध्ये त्याच्या पंखाची टोके आखूड किंवा विस्कटलेली दिसली, तर त्यात आश्चर्य नाही. अनेकदा अशा पक्ष्याला ‘जखमी’ ठरवले जाते.

वयाचा फसवा वेश

कुरवाचे पिल्लू जन्मतः प्रौढासारखे दिसत नाही. पहिल्या हिवाळ्यात काळ्या व तपकिरी डोक्याच्या लहान कुरवांच्या पंखांवर तपकिरी ठिपके आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असते. तपकिरी डोक्याच्या पिल्लाच्या पंखटोकांवर प्रौढाचे पांढरे ठिपकेही नसतात. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत हे पक्षी बहुतांशी प्रौढ रूप घेतात. ह्यूग्लिनसारख्या मोठ्या कुरवांना त्यासाठी सुमारे चार वर्षे लागतात आणि दरम्यान प्रत्येक पिसझडीनंतर त्यांचे रूप पालटते.

यातून दोन प्रकारच्या चुका होतात. अप्रौढ पक्ष्याचे सामान्य रूप ‘दुर्मीळ रंग’ म्हणून नोंदवले जाते, ही पहिली. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. गेल्या वर्षी काळ्या शेपटीपट्टीवरून लक्षात ठेवलेला पक्षी यंदा पट्टीशिवाय परत येतो आणि ओळखू येत नाही. त्याच्या जागी पट्टी असलेला भलताच नवा पक्षी ‘तोच’ ठरतो.

रंगातील वेगळेपण : कोणते टिकते?

पिसांतील काळा, करडा व तपकिरी रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. मेलॅनिन पिसाला बळकटीही देते. कुरवांच्या पंखांची टोके काळी असतात, त्यामागे हे एक कारण सांगितले जाते. पांढरे पीस तुलनेने लवकर झिजते. वसंत ऋतूपर्यंत पंखटोकांवरील पांढऱ्या कडा झिजून नाहीशा झालेल्या दिसतात त्या यामुळेच. शरद ऋतूतील आणि मार्चमधील छायाचित्रांची तुलना करताना हे ध्यानात घ्यावे लागते.

जेथे रंग हवा तेथे पांढरे पीस दिसले की सर्रास ‘अल्बिनो’ म्हटले जाते. अल्बिनिझममध्ये शरीरात मेलॅनिन तयारच होत नाही, त्यामुळे डोळेही लालसर दिसतात. दृष्टी अधू असल्याने असे पक्षी निसर्गात फार काळ टिकत नाहीत. ही अवस्था सर्व अंगाला लागू असते. म्हणून ‘अर्धवट अल्बिनो’ हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे. काही पिसेच पांढरी असतील, तर त्यामागे इतर कारणे शोधावी लागतात.

ल्युसिझम हे त्यांतील एक कारण होय. त्यात जन्मजात दोषामुळे त्वचेच्या काही भागांत रंगद्रव्य देणाऱ्या पेशीच पोहोचत नाहीत. तेथील पिसे पहिल्यापासून पांढरी उगवतात आणि पिसझडीनंतरही त्याच जागी पांढरीच येतात. व्यक्तिगत ओळखीसाठी ही खूण सर्वांत मोलाची असते. काही पक्ष्यांत मात्र वयाबरोबर पांढऱ्या पिसांची संख्या वाढत जाते. तेथे यंदाचा नमुना गेल्या वर्षीपेक्षा मोठा असू शकतो. निकृष्ट आहार किंवा आजार यांमुळेही पिसे पांढरी पडतात. शहरातील कावळ्यांच्या पंखांत दिसणारे पांढरे पट्टे हे याचे परिचित उदाहरण आहे. आहार सुधारला, तर पुढच्या पिसझडीत ते नाहीसे होऊ शकतात. एकाच हिवाळ्यातील निरीक्षणावरून या तिन्हींतील भेद सांगणे कठीण असते.

काही कुरवांच्या छातीवर फिकट गुलाबी छटा दिसते. ती आहारातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांची असते आणि उन्हाने फिकी पडते. तेल, डांबर किंवा रंगाचे डाग हेही तात्पुरतेच. पूर्वी संशोधकांनी कुरवांना पिक्रिक ॲसिडने पिवळे रंगवून त्यांच्या हालचालींचा मागोवा घेतला होता. हा रंगदेखील पिसझडीपर्यंतच टिकतो. एका हंगामापुरत्या अभ्यासासाठी ही मुदत पुरेशी असते.

तुटलेले पीस आणि उपटलेले पीस

निरीक्षकांची सर्वाधिक गफलत येथे होते. पीस मुळासकट उपटले गेले, तर त्या जागी नवे पीस लवकरच वाढू लागते आणि काही आठवड्यांत फट भरून येते. पीस मधोमध तुटले, तर मात्र त्याचा खुंट मुळात तसाच राहतो आणि पुढच्या नियमित पिसझडीपर्यंत तेथे नवे पीस येत नाही. त्यामुळे तुटके पीस ही अधिक टिकाऊ खूण होय. नोव्हेंबरमध्ये पंख पूर्ण झालेल्या काळ्या डोक्याच्या कुरवाचे एखादे उड्डाणपीस तुटलेले असेल, तर मार्चपर्यंत त्याच्यावरून तो पक्षी ओळखता येईल. पुढच्या नोव्हेंबरमध्ये तेच पीस तुटलेला कुरव दिसला, तर तो तोच असल्याचा पुरावा त्यात नाही. दरम्यान ते पीस बदललेले असते. ह्यूग्लिनच्या कुरवाबाबत तर ही मुदत आणखी कमी असू शकते, कारण त्याचे बाहेरचे जुने पीस ऐन हिवाळ्यातच गळते.

न झडणाऱ्या खुणा

वर्षानुवर्षांच्या ओळखीसाठी चोच, पाय, डोळा आणि जखमांचे व्रण अधिक भरवशाचे ठरतात. वाकडी किंवा तुटकी चोच, गमावलेले बोट, निकामी डोळा या खुणा पिसझडीत जात नाहीत. मात्र चोचीचा रंग वय आणि ऋतूनुसार बदलतो, हेही लक्षात ठेवावे. मासेमारीच्या दोऱ्यात अडकून बोटे गमावलेले कुरव एकाच बंदरात अनेक असू शकतात. म्हणून अशी एकच खूण पुरेशी नाही.

इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे सर पीटर स्कॉट यांनी १९६४ पासून हिवाळी पाहुण्या ब्युइक हंसांची ओळख त्यांच्या चोचीवरील काळ्या-पिवळ्या नक्षीवरून पटवली. प्रत्येक हंसाची नक्षी वेगळी होती आणि ती चोचीवर असल्याने पिसांबरोबर गळत नव्हती. या पद्धतीने पुढे हजारो हंसांची नोंद झाली आणि आर्क्टिक रशियातून कोणता हंस किती वर्षे परत येतो, हे कळले.

कुरवांमध्ये चोचीवर अशी नक्षी नसते. मोठ्या प्रौढ कुरवांच्या पंखटोकांवरील काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी मात्र व्यक्तिगणिक वेगळी असते आणि प्रौढपणी ती बऱ्याच अंशी टिकून राहते. त्यासाठी उघडलेल्या पंखाचे स्पष्ट छायाचित्र लागते.

कुरव स्वतः एकमेकांना ओळखतात. नोबेल पारितोषिक विजेते निको टिनबर्गन यांनी हेरिंग कुरवांच्या वसाहतींत प्रदीर्घ निरीक्षणे केली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात कुरव आपला जोडीदार दुरूनही ओळखतो, याची वर्णने आहेत. त्यांच्या ओळखीत आवाजाचा मोठा वाटा असतो. आपल्याला मात्र छायाचित्रावर विसंबावे लागते.

दीपनौकेवरचा ‘डिक’

केवळ नैसर्गिक खुणांवरून ओळखल्या गेलेल्या कुरवाचे जुने उदाहरण अमेरिकेतील आहे. ऱ्होड आयलंड राज्याच्या किनाऱ्याजवळ ब्रेंटन रीफ येथे नांगरलेल्या दीपनौकेवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक हेरिंग कुरव दर ऑक्टोबरला येत असे आणि एप्रिलमध्ये निघून जात असे. खलाशी त्याला मांसाचे व माशांचे तुकडे देत. त्यांनी त्याचे नाव ‘डिक’ ठेवले होते. पंखांवरील काही खुणा आणि त्याचा आवाज यांवरून ते त्याला ओळखत. वीस वर्षांहून अधिक काळ हा क्रम चालल्याच्या नोंदी तत्कालीन पक्षीशास्त्रीय नियतकालिकात आहेत.

डिकच्या पायात कडे नव्हते, त्यामुळे आजच्या निकषांवर ही ओळख पूर्णतः सिद्ध मानता येणार नाही. तरीही तिचे वजन अधिक आहे. त्यात एकच खूण नव्हती. पंखावरील खुणा, आवाज, ठरलेली जागा, ठरलेला महिना आणि माणसांजवळ येण्याची सवय या साऱ्यांचा मेळ होता.

कड्यांची साक्ष

संशय उरू नये म्हणून पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याची शास्त्रीय पद्धत डेन्मार्कच्या हान्स मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये सुरू केली. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ मध्ये स्थापन झालेली संस्था कडी घालण्याचे काम दीर्घकाळ करीत आली आहे. डॉ. सालीम अली यांच्या पुढाकाराने १९५९ नंतर त्याला मोठी गती मिळाली. धातूच्या कड्यावर क्रमांक आणि संस्थेला कळवण्याची सूचना असते. अलीकडे अक्षरे व आकडे असलेली रंगीत प्लॅस्टिकची कडीही वापरतात. ती दुर्बिणीतून वाचता येतात, त्यामुळे पक्षी पुन्हा पकडावा लागत नाही. मंगोलियात मानेला रंगीत पट्टी घातलेले पट्टकादंब कर्नाटकातील तलावांवर ओळखले गेले ते असेच.

२०२२ मध्ये याच संस्थेने ठाणे खाडी परिसरातील सहा रोहित पक्ष्यांना उपग्रहाद्वारे माग काढणारी साधने बसवली. भरती-ओहोटीनुसार पक्षी कोणत्या पाणथळ जागांमध्ये ये-जा करतात, हे त्यातून दाखवता येते. एखादी पाणथळ जागा भरावाखाली जाण्याच्या वादात अशी नोंद वजनदार ठरते. वन्यपक्षी पकडणे आणि त्यांना कडी घालणे यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगी आवश्यक असते.

अचूकतेचा आग्रह कशासाठी?

एखाद्या बंदरात महिनाभर दररोज दोनशे कुरव दिसले, तर ते तेच दोनशे आहेत की रोज नवे येऊन पुढे जात आहेत, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. पहिल्या शक्यतेत ती जागा दोनशे पक्ष्यांचा हिवाळी निवारा ठरते. दुसरीत ती हजारो पक्ष्यांचा थांबा ठरते. दोन्हींच्या संरक्षणाचा विचार वेगळा करावा लागतो. वेगळ्या खुणांचे पाच-सात पक्षी नीट नोंदवले, तरी याचे काहीसे उत्तर मिळू शकते. त्यासाठी एका हंगामाची मुदत असलेली खूणही उपयोगी आहे.

उलटपक्षी, तुटक्या पिसाच्या आधारे ‘हा पक्षी सलग तीन वर्षे याच तलावावर येतो’ असा दावा केला आणि तो पिसझडीच्या साध्या नियमाने खोडला गेला, तर त्या तलावाच्या बाजूने मांडलेल्या इतर खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

निरीक्षकांसाठी

- प्रथम जात व वय निश्चित करावे. नंतरच वेगळेपणाचा विचार करावा.
- दोन्ही पंख, शेपटी, चोच, डोळा आणि दोन्ही पाय दिसतील अशी छायाचित्रे घ्यावीत. खूण डाव्या बाजूस की उजव्या, ते लिहावे.
- उड्डाणपिसे आतून बाहेर मोजून कोणते पीस गळलेले, वाढणारे, तुटलेले वा पांढरे आहे, ते नोंदवावे.
- तारीख, वेळ व नेमकी जागा प्रत्येक छायाचित्राबरोबर जपावी.
- एकाच हिवाळ्यातील ओळखीसाठी पिसांची खूण चालते. पुढच्या वर्षीच्या ओळखीसाठी किमान दोन स्वतंत्र खुणा हव्यात आणि त्यांतील एक तरी न झडणारी असावी.
- खात्री नसेल तेथे ‘बहुधा तोच’ असे लिहावे.
- पायात कडे दिसल्यास रंग, अक्षरे, आकडे आणि कोणत्या पायात ते आहे, हे टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. त्यासाठी पक्ष्याचा पाठलाग करू नये.
- जवळून छायाचित्र मिळावे म्हणून वेफर्स, शेव, गाठी टाकू नयेत. तेलकट, खारट पदार्थ कुरवांचे अन्न नव्हे.

मार्चअखेर कुरवांची डोकी गडद होतील आणि एप्रिल-मेपर्यंत बहुतेक पक्षी विणीच्या प्रदेशांकडे निघून जातील. परततील तेव्हा त्यांच्या अंगावर बहुतांशी नवी पिसे असतील. यंदाच्या नोंदी त्याआधी पूर्ण केल्या, तर पुढच्या हिवाळ्यात तुलनेला आधार राहील.